चित्रातलं खोटं चालतं

घरात लहान मूल असताना मोठा आजार आला, तर मुलाला काय सांगायचं? आमच्या घरात हे एका संध्याकाळी ठरलं आणि चुकीचं ठरलं. चूक कळायला सात आठवडे लागले. ज्यांच्या घरात आज हाच प्रश्न उभा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उपचारांची माहिती तुमचे डॉक्टर देतील. ती इथे नाही.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. माणसं चार. मी नीता, वय एक्केचाळीस, अंधेरीतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर सोळा वर्षं काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं, चुका काढायच्या, जास्तीचं कापायचं, हे ते काम. नवरा महेश विमा कंपनीत आहे. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. लग्नाआधीपासून परळच्या गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यात होत्या, गिरणी बंद पडेपर्यंत. मुलगी सई सात वर्षांची, दुसरीत, इंग्रजी माध्यमात. मराठी ती छापील अक्षरांवर बोट ठेवून वाचते. माझं अक्षर तिला वाचता येत नाही. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

फोड

जिभेच्या उजव्या कडेला फोड आला. दात लागत असेल म्हणून मी तीन आठवडे थांबले. दातांच्या डॉक्टरांनी दात घासून दिला. आणखी तीन आठवडे गेले. मग त्यांनीच तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट मी स्वतः घेतला आणि जिन्यात उभं राहून वाचला. सवयीने शेवटची ओळ आधी वाचली. मग वरून खाली. माझं वय बेचाळीस छापलं होतं. मी काउंटरवर परत गेले आणि ते दुरुस्त करून घेतलं. त्याला पंचवीस मिनिटं लागली. बाकीचा मजकूर बरोबर होता.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मोजकं बोलणारे होते. जिभेचा जवळपास अर्धा भाग आणि मानेतल्या गाठी काढायच्या. डाव्या मनगटाजवळची कातडी घेऊन जिभेचा तो भाग पुन्हा बनवायचा.

"बोलता येईल?"

"येईल. आधीसारखं नाही."

"मी तंबाखू कधी खाल्ली नाही."

"काही जणांत कारण सापडत नाही."

मी हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

त्या संध्याकाळी सई खाली खेळायला गेली होती तेव्हा आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं.

"पोरीक काय एक सांगूचा नाय. आणि त्या रोगाचा नाव ह्या घरात काढूचा नाय."

"काहीतरी सांगावं लागेल ना, आई," महेश म्हणाला. "दाताचं ऑपरेशन म्हणू. तोंडाचंच आहे, अगदीच खोटं नाही."

"शाळेत इचारल्यानी तर?"

"शाळेत कशाला कोण विचारतंय?"

"इचारतत. आई गावाक गेली म्हणून सांगूदे."

अशी बातमी कुणा वार्ताहराने आणली असती तर मी ती परत केली असती. इथे मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सईची वेणी घालताना सांगितलं, "आईच्या दाताचं ऑपरेशन आहे. चार दिवसांत येते."

"कुठला दात?"

मी एका दातावर बोट ठेवलं.

सोळा दिवस

शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती, गळ्याला पाडलेल्या भोकात दुसरी, डावा हात कोपरापर्यंत पट्टीत. नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी दूध किंवा पातळ पेज जायची. गळ्यातल्या नळीत साठलेलं यंत्राने ओढून काढायचे. ते करताना श्वास अडकतो आणि प्रत्येक वेळी वाटतं, या वेळी सुटणार नाही. हे तिसऱ्या दिवशीही वाटलं आणि दहाव्या दिवशीही. सवय झाली नाही.

नवी जीभ जिवंत आहे का, हे पाहायला सिस्टर तासातासाला टॉर्च घेऊन यायच्या. त्या रंग पाहायच्या आणि कागदावर खूण करायच्या. रंग काळा पडला तर पुन्हा आत न्यावं लागलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. त्या चेहऱ्यावर काही दिसू देत नसत. शेवटी त्यांच्यातल्या एकीला माझी दया आली. ती खूण करण्याआधी माझ्याकडे बघून एकदा डोळे मिटायची, म्हणजे ठीक आहे. त्यानंतरचे दिवस मी तिच्या पाळीची वाट पाहिली.

मुलांना वॉर्डात सोडत नसत. चार दिवस उलटले तेव्हा सईने विचारलं होतं. महेशने दात मोठा होता, असं सांगितलं.

दारामागे

घरी आले त्या दिवशी सई दारात उभी होती. गळ्यातली नळी काढली होती, नाकातली अजून होती. मी "सई" म्हणायचा प्रयत्न केला. त्या सुजलेल्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होते. सई दोन पावलं मागे गेली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिली.

त्यानंतर मी तिच्यासमोर तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, सूज उतरली की बोलण्याचा सराव सुरू करा. मी तो न्हाणीघरात, नळ सोडून करायचे. बाकी वेळ पाटीवर लिहायचे. सासूबाई चष्मा लावून वाचायच्या. कुणाला बोलवायचं असेल तर देवघरातली घंटी माझ्या उशाशी ठेवलेली होती.

आठवड्याने शाळेतून महेशला फोन आला. सईच्या मिस म्हणाल्या, ती जवळपास तीन आठवडे वर्गात बोलत नाही. हजेरीलाही हात वर करते, तोंडाने उत्तर देत नाही. अभ्यास व्यवस्थित आहे. घरी काही झालंय का?

"मनाला लागलंय तिच्या, आई नव्हती ना," महेश फोन ठेवून म्हणाला. "आता तू आलीस, होईल ठीक."

सासूबाईंनी वेगळंच सांगितलं. "दर सकाळी चकचकीत ताटात बघून जीब काढता. वाकुल्या दाखवता मेली. मी वराडलंय तर ताट ठेवून निघून गेली. एक शब्द नाय."

दोन्ही गोष्टी माझ्यासमोर होत्या. मी त्या जोडल्या नाहीत.

निळा हत्ती

सई घरात एकाच वेळी बोलायची: शाळेतून आल्यावर, माझ्या पलंगावर बसून, तिच्या चित्रांबद्दल.

आजारापूर्वी हे असं नव्हतं. चित्र दाखवायला ती तेव्हाही यायची आणि मी ते तपासायचे. हत्ती निळा नसतो गं. सूर्य आणि चांदण्या एकाच वेळी कशा? माणसाला किती बोटं असतात, मोज बघू. मग चित्राच्या मागे तारीख आणि एक ओळ लिहून फाइलला लावायचे: 'घर आणि डोंगर', 'बाग', 'पाऊस'. तिला विचारायचे नाही. चित्रात काय आहे ते दिसतच होतं. चित्र दाखवणं ते फाइलला लागणं यात दोन मिनिटं जात असतील.

आता मला काही म्हणता येत नव्हतं. पाटीवर लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं. छापील अक्षरं काढून विचारायला लागले की माझा पहिला शब्द होईपर्यंत ती तीन वाक्यं पुढे गेलेली असायची. दोन दिवसांनी मी पाटी बाजूला ठेवली.

तिने जुनी फाइलही आणली. ज्यावर मी 'घर आणि डोंगर' लिहिलं होतं ते घर नव्हतं. ती रिक्षा होती.

"आणि हा डोंगर नाहीये, हा डायनासोर आहे. त्याला चेकनाक्याला जायचंय. पण रिक्षावाला नाही बोलतो. आधी भांडूपवाला पण नाही बोलला. डायनासोर बोलतो, मीटरने चल ना, रे. तर तो बोलतो, शेपटी बाहेर राहते, पोलीस पकडेल. मग तो चालतच जातो, पण तो चालला की सगळ्यांचे गॅस सिलिंडर हलतात."

हे तिने काढलं तेव्हा पहिलीत होती. वर्षभर ती गोष्ट त्या फाइलमध्ये चुकीच्या ओळीखाली पडून होती.

हसताना टाके ओढले जायचे. तरी मी हसले. ती माझ्या चेहऱ्याकडे बारकाईने बघत होती.

पापलेट

घरी आल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिने नवं चित्र आणलं. मोठं पांढरं पान, मधोमध एक मासा, आडवा, डोळा मिटलेला. बाजूला चष्मा घातलेली बाई.

"हा पापलेट आहे. ही आजी. आजी मार्केटमध्ये आलीये. पापलेट मेलेला नाहीये, तो नाटक करतोय. म्हणजे आजी बोलेल, हा शिळा आहे, नको. आणि तो वाचेल."

मी मान डोलावली. आधीची मी असते तर इथे म्हटलं असतं, माशाला पापण्या नसतात, तो डोळा मिटू शकत नाही. आणि ती 'बरं' म्हणून उठून गेली असती. मी काही म्हटलं नाही. ती थांबली, माझी वाट पाहिली, आणि पुढे बोलू लागली.

"म्हणजे तो खोटं बोलतोय. पण त्याला काही होणार नाही. माशाला जीभच नसते ना, मग झडणार कशी?"

पेन्सिलने ती माशाच्या खवल्यांवर रेघा ओढत होती.

"तुझी कापली ना? मला माहीतेय. बाबा गॅलरीत आत्याला फोनवर सांगत होता, अर्धी जीभ काढली. तू मला दात बोललीस. दात नव्हताच. आजी बोलते ना, खोटं बोललं की जीभ झडते. म्हणून झालं तुला."

एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी पण मिसला खोटं बोलले. आई गावाला गेली बोलले. आजीने सांगितलेलं तसं बोलायला. माझी अजून आहे." तिने तोंड उघडून दाखवलं. जिभेच्या शेंड्यावर घासून घासून लाल झालेला चट्टा होता. "मी रोज ब्रशने साफ करते. आणि बोलतच नाही जास्त. म्हणजे चुकून खोटं जाणार नाही ना. चित्राचं बोललं तर चालतं. ते मीच काढलंय, त्यात कोण बोलणार खोटं आहे म्हणून? आता तू पण बोलत नाहीस."

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"नाही म्हणजे? दातच होता?"

मी मान हलवायची थांबले. होकार दिला तर ते आणखी एक खोटं होत होतं. नकार दिला तर तिचं सगळं खरं ठरत होतं. एका मानेने यापलीकडे काही सांगता येत नाही.

मी घंटी वाजवली.

सासूबाईंची जीभ

सासूबाई हात पुसत आल्या. मी पाटीवर लिहिलं: 'तिला सगळं माहीत आहे. खोटं बोलल्याने माझी जीभ झडली असं तिला वाटतं. आता तिची झडेल म्हणून ती बोलत नाही.'

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं. मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. जीभ झडण्याचं ते वाक्य त्यांच्या आईचं होतं, आईच्या आईचं होतं. त्यांनी ते या घरात दिवसातून चार वेळा म्हटलं असेल. मीही कधी आक्षेप घेतला नव्हता.

"गो सई, हय ये."

सई गेली.

"ही माझी जीब बघ." त्यांनी जीभ बाहेर काढली, पूर्ण, हनुवटीपर्यंत, आणि आत घेतली. "हा मां जाग्यार?"

सईने मान डोलावली.

"आता ऐक. गिरणीत लागलंय तेव्हा मी सोळा वर्सांची होतंय. अठरा सांगलंय. सायबासमोर उभ्यान खोटा बोललंय. झडली?"

"नाही."

"तुझ्या आजोबांक सांगलंय, माका कोंबडी करूक येता. येत नव्हती. झडली?"

"नाही."

"गेल्या गणपतीत शेजारणीक सांगलंय, मोदक मी केलंय. विकतचे होते."

"ते मला माहीतेय. बॉक्स मीच टाकला."

"मग! झडली?"

सईने महेशचा जुना फोन आणला, त्याचा टॉर्च लावला आणि आजीच्या तोंडात वर, खाली, दोन्ही बाजूंनी पाहिलं. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्या 'आ' करून बसून राहिल्या, सई टॉर्च बंद करेपर्यंत.

"ता वाक्य खोटा हा," त्या म्हणाल्या. "आमका गप बसवूक म्हातारी माणसा बोलत. मी पण बोललंय. माझा चुकला."

सईने फोन खाली ठेवला. मग तिने विचारलं, "मग आईची का कापली?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत त्यांनी या प्रश्नाची बरीच उत्तरं दिली होती: नजर लागली, ऑफिसातलं बाहेरचं खाणं, माझा फटकळ स्वभाव. यातलं एक त्या आता देतील असं मला वाटलं.

"तिका रोग झालो. कॅन्सर म्हणतत तेका. तो जिभेर होतो म्हणून काढल्यानी. कित्याक झालो, ता माका ठावक नाय. डाक्तराक पण ठावक नाय."

मी मान डोलावली. डॉक्टरांचं वाक्य वहीत होतं. एवढ्या दिवसांत घरात उच्चारलं गेलेलं हे पहिलं विधान होतं, ज्यात मला काही दुरुस्त करायचं नव्हतं.

"आता गेला?" सईने विचारलं.

मी पाटी घेतली आणि मोठ्या छापील अक्षरांत, वेळ लावून लिहिलं. तिने बोट ठेवून वाचलं. "मा-ही-त ना-ही."

तिने फोन पुन्हा उचलला. मग म्हणाली, "बघू?"

माझं तोंड आतून तोवर डॉक्टर आणि सिस्टर सोडून कुणी पाहिलं नव्हतं. महेशनेही नाही. मी आरशातही एकदाच पाहिलं होतं. सईने टॉर्च लावला. मी उघडलं.

त्यानंतर

सई दुसऱ्या दिवशी वर्गात बोलू लागली, असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. महेशने शाळेत जाऊन मिसना सगळं सांगितलं, सईसमोर. तरी हजेरीला ती आणखी दीड महिना हातच वर करत होती. ब्रशने जीभ घासणं बंद झालं. ताटात बघणं आजही अधूनमधून दिसतं. मुलाच्या डोक्यात जे आपण घातलं ते एका दुपारी निघत नाही.

माझी किरणोपचाराची फेरी सुरू झाली. सहा आठवडे. तोंडात फोड, चव गेलेली, लाळ सुकलेली, पाणी गिळतानाही काचा उतरल्यासारखं. त्या काळात मी घरात सगळ्यांशीच वाईट वागले. महेशच्या अंगावर पाटी फेकली. ती फुटली. सासूबाईंनी तुकडे गोळा केले आणि दुसरी आणली. महिन्यातून एकदा मान चाचपून घ्यायला जाते. दर वेळी डॉक्टरांची बोटं एका जागी थोडी जास्त थांबली की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. पुढचं स्कॅनिंग अजून व्हायचं आहे. मी बरी झाले आहे का, याचं उत्तर पाटीवर लिहिलं होतं तेच आहे.

बोलणं सुरू आहे. त, ट, ल, स जमत नाहीत. फोनवर लोक दोनदा विचारतात आणि मग महेशला द्या म्हणतात. ओठांची अक्षरं आधी आली, घशाजवळची नंतर.

टॉर्च लावून पाहिलं त्या दिवसाचं चित्र सईने नंतर काढलं. ते पूर्ण करायला तिला चार दिवस लागले. ती ते घेऊन पलंगावर बसली. पानभर एक उघडं तोंड. आत जीभ, अर्धी लाल. उरलेली अर्धी फिकट, गव्हाळ रंगाची, आणि त्यावर दोन बारीक काळ्या रेघा.

"ही तुझी जुनी जीभ. आणि हा तुझा हात आहे. इथून काढून इथे लावला." तिने माझ्या मनगटावरच्या व्रणाला बोट लावलं. "त्याच्यावर हाताचे केस पण आहेत, दोन. मी बघितले. त्याला बोलता येत नाही कारण तो हात आहे ना. त्याला फक्त लिहिता येतं, धरता येतं, वेणी घालता येते. आता त्याला सगळं शिकवावं लागणार."

मी चित्र तपासलं. रंग बरोबर होता. केस दोन होते. मागे लिहायला पेन उचललं नाही.

ती गप्प झाली होती आणि माझ्याकडे बघत होती. संपलं की नाही, ते तिनेच ठरवायचं होतं. न्हाणीघरात, नळ सोडून, मी एक शब्द कित्येक दिवस घोकला होता. तो आता बऱ्यापैकी येत होता. तिच्यासमोर मी तो पहिल्यांदाच म्हटला.

"मग?"

ती दारामागे गेली नाही. पेन्सिल उचलली आणि पुढे सांगू लागली.